दोन खुणांपुढचा आवाज

बाबांना हाक मारता येत नाही. मी हवी असले तर ते पूजेतली पळी पंचपात्रावर वाजवतात. आईसाठी वाजवण्याची चाल वेगळी, माझ्यासाठी वेगळी. मी नुकतीच शाळेत जायला लागले होते तेव्हा त्यांच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. गळ्याला छिद्र आहे, त्यातून ते श्वास घेतात, वर मलमलचं फडकं बांधलेलं असतं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, "पंडितजी, पान कितना खाते थे?" आई सांगते, बाबांनी तेव्हा उत्तर द्यायचं टाळलं, आणि मग द्यायची सोयच राहिली नाही.

ज्याचं पोटच आवाजावर चालायचं अशा माणसाचं हे झालं. बाबा दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंना संकल्प सांगायचे. "उजव्या हातात पाणी घ्या. गोत्र सांगा. माहीत नाही? मग काश्यप म्हणा. आता सोडा पाणी." त्यांचा आवाज घाटावरच्या शेजारच्या पंड्याच्या छत्रीपर्यंत जायचा, आणि तिथले यात्रेकरूही चुकून पाणी सोडायचे, असं माझे चुलतकाका सांगतात. आता संकल्प काका सांगतात आणि बाबा शेजारी बसून दर्भ, तीळ, पिंडाचं पीठ पुढे करतात.

मला तो आवाज आठवतो का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. कधी वाटतं आठवतो. मग वाटतं, आईने इतक्यांदा सांगितलंय की तेच मला आठवण वाटतंय. तेव्हा आमच्या घरी बटणांचा फोन होता. त्यात कुणी काही साठवलं नाही.

मी कॉलेजात गेलेली आमच्या घरातली पहिली. बाबा वेदपाठशाळेत शिकले, आई आठवीपर्यंत. कंप्युटरला प्रवेश मिळाला त्या दिवशी आईने शिरा केला आणि वाढता वाढता म्हणाली, "तू पहिली नाहीस बरं का. तुझे बाबा तुझ्या आधीच युनिव्हर्सिटीत पोचलेत."

"म्हणजे?"

"माझं लग्न नुकतंच झालेलं. पुण्याच्या एक बाई आल्या होत्या, काशीतले मराठी लोक कसं बोलतात ते टेप करायला. आपल्या मंगला गौरी मोहल्ल्यात घरोघर गेल्या. ह्यांचं तर दुपारभर चाललं होतं. मी दोनदा चहा दिला. ते सगळं तुमच्या युनिव्हर्सिटीतच मशीनमध्ये ठेवलंय म्हणे."

बाबांनी हात झटकला. काही उपयोग नाही, असा त्याचा अर्थ. मग त्यांनी शिऱ्याकडे बोट दाखवलं.

विचारायचं धाडस व्हायला मला तिसरं वर्ष उजाडलं. आमच्या विभागातून भाषा विभागात जाणं म्हणजे दुसऱ्या गावाला जाण्यासारखं. तिथल्या मॅडमनी मात्र लगेच कपाट उघडून दिलं. आत प्लास्टिकच्या खोक्यात छोट्या कॅसेटसारखी दिसणारी कार्ट्रिजं होती, कंप्युटरची माहिती साठवायची टेप. एकावर शाईने लिहिलं होतं: मंगला गौरी, पुरुष. मॅडम म्हणाल्या, "बेटा, ये सब ख़ाली हैं। पहले भी किसी ने चलाकर देखा था। अलमारी ख़ाली करनी है, होली के बाद सब कबाड़ में जाएगा।"

मी म्हणाले, "मॅडम, होलीतक मैं देख लूँ?" आणि बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी खोकं छातीशी धरून उभी होते, त्यांनी हो म्हणायच्या आधीपासून.

आमच्या सरांना मी हाच विषय प्रोजेक्टसाठी मागितला: जुन्या टेप वाचणारा प्रोग्राम. बाबांचं सांगितलं नाही. तेवढं सांगितलं असतं तर रडू आलं असतं आणि सरांना वाटलं असतं की ही मुलगी भावनेच्या भरात आली आहे. सरांनी भांडारातून एक जुना टेप ड्राइव्ह काढून दिला, आणि माझी कोरी प्रोजेक्टची वही उघडून पाहिली. पहिल्या पानावर मी मधोमध "श्री" लिहिलं होतं, मागचं पान कोरं सोडलं होतं, आणि तिसऱ्या पानापासून सुरुवात केली होती.

"ये क्या है? कोडिंग करोगी या सत्यनारायण की कथा?"

मुलं हसली. मीही हसले. आमच्याकडे कुठलीही नवी वही अशीच सुरू होते. आईची किराण्याची डायरीसुद्धा. पहिलं पान देवाचं, त्याच्यामागचं कोरं. देवाच्या पाठीवर आपलं काही लिहायचं नाही, असं आई म्हणते. हे मी सरांना समजावून सांगितलं नाही. सांगताना मला माझी हिंदीही धड येत नाही आणि मराठीही.

पहिल्याच दिवशी ड्राइव्हने मला रडवलं. टेप आत गेली, मोटर घुरघुरली, मी वाचायचा आदेश दिला आणि पडद्यावर उत्तर आलं की मेमरी अपुरी आहे. मी कंप्युटर बंद करून चालू केला. परत तेच. मी सरांकडे गेले, सरांनी दुसऱ्या मशीनमधून मेमरी काढून माझ्या मशीनमध्ये बसवली, परत तेच. आठवडाभर मी मेमरी मागत हिंडत होते. मग कुठल्याशा जुन्या चर्चेत वाचायला मिळालं की त्या निरोपाचा अर्थच वेगळा असतो. टेपवर माहिती ठोकळ्याठोकळ्याने लिहिलेली असते, आणि ठोकळा अख्खाच उचलावा लागतो. मी त्याच्याखाली धरलेलं भांडं लहान होतं, एवढंच. पण ड्राइव्ह तसं कशाला सांगेल? भांड्याच्या मापाचा आकडा वाढवला आणि पहिला ठोकळा वाचला गेला.

त्यात सुरुवातीला काहीतरी कचरा होता, चारपाच निरर्थक चिन्हं, आणि पुढे सगळी शून्यं.

पुढचा ठोकळा वाचला. तोच कचरा, तीच शून्यं. त्याच्या पुढचाही तसाच. मी सगळा दिवस ते एकसारखे ठोकळे साठवत बसले आणि संध्याकाळी मला कळलं की मी एकच ठोकळा परत परत वाचते आहे. ड्राइव्हला कंप्युटरमध्ये दोन नावं असतात. एका नावाने बोलावलं तर काम झाल्यावर तो टेप जिथल्या तिथे ठेवतो, दुसऱ्याने बोलावलं तर दर वेळी मुकाट्याने गुंडाळून सुरुवातीला नेतो. मी दुसऱ्याने बोलावत होते. मोटर इतका वेळ कशाला फिरतेय, हे कानांनी ऐकत असूनही मी विचार केला नव्हता.

घरी आल्यावर आई दारातच विचारायची, "निघाला का?" गिरणीतून दळण आलं का विचारावं तसं.

"नाही गं."

"एवढी मशीनं असतात तुमच्याकडे. कॅसेट घातली की वाजते. आमच्या वेळी तर वाजायची."

"आई, ही ती कॅसेट नाही."

"मग कोणती आहे?"

मी समजावायला जायची. की गाण्याच्या कॅसेटमध्ये आवाज असतो, ह्यात आकडे आहेत, आकड्यांचा आवाज करावा लागतो, त्यात मध्येमध्ये खुणा असतात. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं. उद्या निघेल." मला त्याचाच जास्त राग यायचा. एकदा मी ताट सरकवून म्हणाले, "तू रोज विचारू नकोस." ती विचारायची थांबली. मग ती नुसती माझ्या तोंडाकडे बघायची, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

बाबांना ह्यातलं काही नको होतं, असं मला वाटायचं. मी टेपचा विषय काढला की ते उठून गच्चीवर जायचे. एकदा त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं, "पढ़ाई कर." मी म्हणाले, "बाबा, हीच माझी पढाई आहे." त्यांनी खांदे उडवले आणि ओठांनी काहीतरी म्हटलं. त्यांच्या ओठांवरचं मला बहुतेक सगळं वाचता येतं. ते वाचता आलं नाही.

नाव बदलल्यावर टेप पुढे सरकायला लागली. आता मी खरा प्रोग्राम लिहिला. टेपवर एक नोंद संपली की एक खूण असते, मग पुढची नोंद, परत खूण. आणि लागोपाठ दोन खुणा आल्या, मधे काहीच नसलं, की समजायचं टेप संपली. हे सगळ्या पुस्तकांत आहे. मी प्रोग्राममध्ये तसंच लिहिलं, त्याच्या वर नीट टीपही लिहिली, आणि सरांनी ती टीप वाचून पहिल्यांदा "गुड" म्हटलं.

प्रोग्राम चालवला. एक ठोकळा कचरा, खूण. लगेच दुसरी खूण. समाप्त.

दुसरं कार्ट्रिज घातलं. कचरा, खूण, खूण, समाप्त. खोक्यातलं प्रत्येक कार्ट्रिज मी घातलं आणि प्रत्येकाने मला तेच सांगितलं. मॅडम बरोबर होत्या. आधी ज्याने पाहिलं तोही बरोबर होता.

मी सरांना विचारलं, दोन खुणांच्या पुढे जाऊन पाहू का. सर म्हणाले, "उसके आगे कुछ नहीं होता। पुरानी टेप है, रील से उतर गई तो ड्राइव भी गई। दूसरी मैं कहाँ से लाऊँ?" मग माझा चेहरा पाहून जरा नरम झाले. "देखो, ना मिलना भी रिज़ल्ट होता है। रिपोर्ट में लिख दो, टेप रिक्त पाई गईं। अच्छे नंबर मिलेंगे।"

मला चांगले नंबर मिळणार होते. त्या दिवशी मी रिक्षा न करता युनिव्हर्सिटीबाहेरच्या लंका चौकापासून चालत निघाले आणि गोदौलियापर्यंत मनातल्या मनात सगळ्यांशी भांडले. सरांशी, त्या पुण्याच्या बाईंशी, कपाटात रिकाम्या टेपा ठेवणाऱ्या माणसाशी. आईशीसुद्धा, की तिने मला सांगितलंच कशाला. एका सांडाने वाट अडवली होती, त्याच्याशीही. घरी गेल्यावर मी सांगितलं, "आई, रिकाम्या आहेत. काही नाहीये त्यात." आई पिठलं ढवळत होती. ती म्हणाली, "असं कसं? मी चहा दिला होता ना." आणि हात न थांबवता तिने तोंड भिंतीकडे केलं.

रिपोर्टसाठी वेगळी वही लागते. होळी तोंडावर आली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत बसून मी ती उघडली. पहिल्या पानावर श्री लिहिलं. पान उलटलं. कोरं पान सोडलं. आणि तिसऱ्या पानावर "टेप रिक्त" एवढं लिहून माझा हात थांबला, कारण मी नुकतंच काय केलं ते मला दिसलं.

छोटी नोंद. मग काहीच नाही. मग सुरुवात.

तो कचरा मी पुन्हा उघडला. ती चिन्हं मी आजच्या लिपीच्या हिशोबाने वाचत होते. आपल्या भाषा कंप्युटरवर लिहायची आधी दुसरी पद्धत होती, ती आता कुणी वापरत नाही. तिचा तक्ता शोधायला थोडा वेळ लागला. एकेक चिन्ह त्यात बसवत गेले. श. हलंत. र. दीर्घ ईकार.

हे श्री लिहिणारा कोण होता, मला अजून माहीत नाही. बालाजी घाटाकडचा असेल, आमच्याच गल्लीतला असेल, कुणाचा जावई असेल. विभागात ऑपरेटर म्हणून लागलेला आमच्यातलाच कुणीतरी, आणि त्याने दरेक टेप आईच्या डायरीसारखी सुरू केली होती. पहिली नोंद देवाची, दुसरी कोरी. कोऱ्या नोंदीच्या अलीकडे एक खूण, पलीकडे एक. मधे काहीच नाही. यंत्राच्या भाषेत त्याने प्रत्येक टेप सुरू होण्याआधीच संपवून ठेवली होती. त्या क्षणी मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली.

सर जेवायला गेले होते. त्यांची वाट पाहायला हवी होती. मी प्रोग्राममधली थांबायची ओळ काढून टाकली, "मंगला गौरी, पुरुष" आत घातलं आणि खुणा ओलांडून पुढे जा म्हणून सांगितलं. मोटरचा आवाज बदलला. टेप उतरली, असं मला वाटलं, आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर ठोकळ्यांमागून ठोकळे येत होते, आणि त्यांच्यात शून्यं नव्हती.

एवढ्यावर संपेल तर तो टेप ड्राइव्ह कसला. वाजवून पाहिलं तर नुसती पावसाळ्यातल्या रेडिओसारखी खरखर. दोन दिवस त्या खरखरीत गेले, कारण आकड्यांच्या जोड्या त्या काळच्या मशीनने उलट्या लिहिल्या होत्या. जोड्या सुलट केल्या. हेडफोनमध्ये एका बाईंनी स्वच्छ पुणेरी मराठीत म्हटलं, "हं, बोला आता." मी तिथेच बंद केलं. पुढचं मला एकटीला ऐकायचं नव्हतं.

घरी लॅपटॉप पाटावर ठेवला. आई ओट्यावरून हात पुसत आली आणि पाटासमोर कथेला बसतात तशी मांडी घालून बसली. बाबा जिन्याकडे निघाले होते. आईने त्यांच्या धोतराचा सोगा धरला. "बसा. पोरगी कधीची मरतेय त्याच्यासाठी." ते बसले, पण दाराकडे तोंड करून.

बाईंचा आवाज आला. "मी वस्तू दाखवीन, तुम्ही घरी काय म्हणता ते सांगायचं. हे काय?"

मग एका तरुण माणसाचा आवाज आला. मी कान टवकारले, आई पुढे झुकली. आम्हा दोघींनाही एक शब्द कळला नाही. "लोओआ," असं काहीतरी तो म्हणाला. गुळगुळीत, भरलेल्या तोंडाचा आवाज.

"पुन्हा सांगा?"

"लोओआ."

मला वाटलं, माझा प्रोग्राम अजून चुकतोय. मी बटणाकडे हात नेला. तेवढ्यात टेपवरच्या बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, आधी ते पान थुंकून या बघू."

आई उभीच राहिली. "तेव्हाही!" ती ओरडली. "तेव्हाही तोंडात पान होतं! बाई पुण्याहून आल्या, मशीन लावलं, आणि हा माणूस तोबरा भरून बसला! मी आत चहा करत होते, मला काय माहीत!" तिने बाबांच्या खांद्यावर खरोखरच चापट मारली. इतक्या वर्षांत दवाखान्यात, ऑपरेशननंतर, पैशांच्या ओढाताणीत मी तिला बाबांना पानावरून बोलताना ऐकलं नव्हतं. आता ती थांबेना. "सांगितलं होतं मी. सांगितलं होतं की नाही? पान गालात घुलवत बसा म्हणावं आता!"

बाबांचे खांदे हलत होते. मी घाबरले, मग पाहिलं तर ते हसत होते. बाबा हसतात तेव्हा आवाज होत नाही, गळ्यावरचं फडकं तेवढं फडफडतं. मग ते हसत नव्हते, पण फडकं तसंच फडफडत राहिलं. आई बोलता बोलता खाली बसली आणि पदराने आधी त्यांचं तोंड पुसलं, मग आपलं.

टेपवर कुणीतरी उठलं. जिना उतरल्याचा आवाज आला. तोच जिना, त्याची सैल पायरी तेव्हाही वाजत होती. लांबून चूळ भरल्याचा आवाज. मधे बाई कुणाला तरी म्हणाल्या, "नको, चहा झाला माझा," आणि एक अगदी कोवळा आवाज म्हणाला, "अर्धा घ्या ना." आईने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

पायरी परत वाजली.

"हं. आता सांगा. हे काय?"

"लोटा," बाबा म्हणाले. खोलीभर, शेजारच्या छत्रीपर्यंत जाईल असं. "माझी आई तांब्या म्हणते. आम्ही लोटाच म्हणतो."

मला ते आठवत होतं की नव्हतं, ते अजूनही सांगता येत नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते आता लॅपटॉपकडे तोंड करून बसले होते आणि टेपवरच्या प्रत्येक शब्दाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. जिना. पाट. ताक. गच्ची. एका शब्दाला ते अडले, टेपवरही अडले होते. बाईंनी काय दाखवलं होतं कुणास ठाऊक. टेपवरचे बाबा म्हणाले, "ह्याला काय म्हणतात ते बायकोला विचारून सांगतो."

बाबांनी आईकडे बोट केलं. आई नाक ओढत म्हणाली, "मला काय माहीत काय दाखवलं ते! पुढे लाव गं."